लाल रंग म्हणजे रक्त नव्हे

जून महिन्यातली संध्याकाळ होती. आमच्या गल्लीतल्या एक मावशी चार घरची धुणीभांडी उरकून परत येत होत्या. मला दारात पाहून थांबल्या, "जय भीम ताई" म्हणाल्या आणि पिशवीतून प्लॅस्टिकची एक पारदर्शक डबी काढून माझ्या हातात दिली. आत लालभडक, चकचकीत चेरी होती. पाव किलोचे दीडशे रुपये मोजले होते.

"सूनबाईसाठी आणली. सहावा महिना लागलाय तिला. तपासणीत रक्त आठच निघालं. कामावरच्या बाई म्हणाल्या, लाल फळ द्या, चेरी द्या, झटक्यात रक्त वाढतं."

"आणि दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या?" मी विचारले.

"त्या आहेत की घरात. पण तिला मळमळतं. त्यात शेजारीण म्हणाली, त्या गोळ्यांनी बाळ काळं होतं. मग म्हटलं, गोळ्यांपेक्षा फळ बरं."

मी वस्तीत आरोग्याचे काम करते. असे बोलणे मला नवे नाही. बीट लाल म्हणून रक्त वाढवते, डाळिंब लाल म्हणून रक्त वाढवते, आणि आता त्या रांगेत चेरी येऊन बसली आहे. मावशींच्या मायेत काही खोट नव्हती. स्वतःच्या चपलेचा अंगठा शिवून वापरणारी बाई सुनेसाठी दीडशे रुपयांचे फळ आणते, ही लहान गोष्ट नाही. पण त्या दीडशे रुपयांनी सुनेचे रक्त वाढणार नव्हते. ज्या गोळीने वाढणार होते ती फळीवर पडून होती. म्हणून हा लेख.

आकडे काय सांगतात

आधी चेरीत खरोखर काय आहे ते पाहू. १०० ग्रॅम गोड चेरीत सुमारे ८२ ग्रॅम पाणीच असते. १३ ग्रॅमच्या आसपास साखर, दोन ग्रॅम चोथा, ७ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि २२० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते. लोह किती? सुमारे ०.३६ मिलिग्रॅम. म्हणजे अर्धा मिलिग्रॅमही नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम आणि गरोदर स्त्रीला २७ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवे. मावशींच्या त्या पाव किलो डबीतून बिया काढल्यावर जेमतेम पाऊण मिलिग्रॅम लोह मिळाले असते. दवाखान्यात गरोदर बाईला फुकट मिळणाऱ्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. तेवढे लोह चेरीतून मिळवायचे ठरवले तर साडेसोळा किलोंहून जास्त चेरी लागेल. त्या दिवशीच्या भावाने हिशेब केला तर जवळजवळ दहा हजार रुपये होतात. एका गोळीसाठी!

रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो आणि हिमोग्लोबिन बनायला लोह लागते. चेरीचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो आणि त्यात लोहाचा अंशही नसतो. दोन्ही रंग डोळ्यांना सारखे दिसतात, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मेथी हिरवी असते, बाजरी राखाडी असते, तीळ पांढरे किंवा काळे असतात, आणि या सगळ्यांत चेरीच्या कितीतरी पट लोह असते. रंग पाहून औषध ठरवायचे असते तर गुलालही खावा लागला असता.

हा प्रश्न एकट्या मावशींच्या घरचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांमध्ये हे प्रमाण ६८.९ टक्के होते. दोन बायकांमागे एक, तीन लेकरांमागे दोन. आपली गल्ली डोळ्यांसमोर आणा आणि मोजा.

चेरी म्हणजे नेमके कोणते फळ?

आपण ज्याला चेरी म्हणतो ते एक फळ नाही. त्यामुळे घोळ वाढतो.

खरी चेरी थंड मुलखातली. आपल्या देशात ती मुख्यतः काश्मीरमध्ये पिकते. शोपियान, गांदरबल, श्रीनगरभोवतीच्या बागा यांची चेरी नावाजलेली आहे. हिमाचलात शिमला जिल्ह्यातील नारकंडा, कोटगड भागातही बागा आहेत. झाडाला हिवाळ्यात दीर्घकाळ कडाक्याची थंडी लागते, म्हणून ती आपल्या सह्याद्रीत होत नाही. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत तिचा हंगाम. हे फळ झाडावरच पिकावे लागते. तोडल्यावर आंब्यासारखे आढीत घालून पिकवता येत नाही, आणि उन्हात दोन दिवसांत मऊ पडते. २०२५ च्या जूनमध्ये जम्मूतल्या कटऱ्याहून थेट मुंबईच्या वांद्र्यापर्यंत रेल्वेने चेरी पाठवली गेली, ती याच घाईपोटी. एवढा लांबचा, थंडाव्यातला प्रवास आणि वाटेतली नासाडी या सगळ्याची किंमत त्या डबीत धरलेली असते. महाग आहे म्हणून ती जास्त पौष्टिक आहे असे नव्हे. ती महाग आहे, कारण ती नाजूक आहे आणि लांबून येते.

दुसरी चेरी म्हणजे वेस्ट इंडियन चेरी किंवा असेरोला. तिच्या १०० ग्रॅममध्ये दीड हजार मिलिग्रॅमहून जास्त क जीवनसत्त्व असते. "चेरीत भरपूर व्हिटॅमिन सी" असे मोबाईलवर फिरणारे संदेश पुष्कळदा या फळाबद्दलची माहिती उचलतात आणि बाजारातल्या काश्मिरी चेरीला चिकटवतात. दोन्ही झाडे वेगळ्या कुळांतली, फक्त नाव सारखे.

आणि तिसरी चेरी म्हणजे आपल्या लेकरांना सर्वांत जास्त ओळखीची. केकवरची, आइस्क्रीमवरची, बनमधली, पानातली. तिच्याबद्दल जरा सविस्तर बोलले पाहिजे.

केकवरचे करवंद

वाढदिवस असो की जयंतीचा मोठा केक, मुलांचे डोळे त्या लाल गोळीवर खिळलेले असतात. "मला चेरीवाला तुकडा" म्हणून भांडणे होतात. गंमत अशी, की आपल्याकडे ती "चेरी" बहुतेक वेळा चेरी नसतेच. ते करवंद असते! उन्हाळ्यात डोंगराकडच्या बायका पानाच्या द्रोणात विकतात तीच आपली डोंगरची काळी मैना. डब्यामागे बारीक अक्षरांत पुष्कळदा "करोंदा" असे लिहिलेले सापडते. आपण वाचत नाही, एवढेच.

ती बनते अशी. कच्ची करवंदे तोडतात, बिया काढतात आणि गंधकाचे क्षार घातलेल्या मिठाच्या पाण्यात बरेच दिवस ठेवतात. त्यात फळाचा मूळ रंग उडून ते फिकट पडते. मग धुऊन त्यावर लाल रंग चढवतात आणि हळूहळू घट्ट होत जाणाऱ्या साखरेच्या पाकात मुरवतात. शेवटी हातात येते ते निम्म्याहून जास्त साखर असलेले, रंगवलेले फळ. मूळ करवंदातले क जीवनसत्त्व या सगळ्या धुण्याउकळण्यात बहुतांश निघून जाते. म्हणजे ताजे करवंद स्वस्तात मिळत असताना आपण ते खात नाही, आणि तेच करवंद रंग आणि साखर लावून आले की त्याला चेरी म्हणून लेकराच्या तोंडात घालतो.

हा लाल रंग बहुधा एरिथ्रोसीन असतो. आपल्या देशात खाद्यपदार्थांत वापरायला परवानगी असलेल्या आठ कृत्रिम रंगांपैकी तो एक. फळात तो घट्ट बसतो, आंबट रसात विरघळून पसरत नाही, म्हणून शेजारचे अननसाचे तुकडे लाल होत नाहीत. कारखानदारांना तो आवडतो तो यासाठी. युरोपात हा रंग फक्त अशा मुरवलेल्या आणि पाकातल्या चेरीपुरताच ठेवला आहे, तोही मुरवलेल्या चेरीच्या एका किलोला जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये खाद्यपदार्थांतील त्याची परवानगीच काढून घेतली आणि कारखान्यांना तो काढून टाकायला जानेवारी २०२७ पर्यंत मुदत दिली. मोठ्या मात्रेत हा रंग दिलेल्या नर उंदरांमध्ये थायरॉइडच्या गाठी आढळल्या होत्या, आणि प्राण्यांत कर्करोग करणारा पदार्थ अन्नात चालणार नाही असा तिथला कायदा आहे. उंदरांत ज्या रीतीने हे घडते त्या रीतीने माणसात घडत नाही, असेही त्याच प्रशासनाने स्पष्ट सांगितले आहे.

मग घाबरायचे का? हिशेब करून पाहू. जन्मभर रोज खाल्ला तरी चालेल अशी या रंगाची मर्यादा तज्ज्ञांनी शरीराच्या दर किलो वजनाला ०.१ मिलिग्रॅम अशी ठरवली आहे. १५ किलो वजनाच्या लेकराला ती दिवसाला दीड मिलिग्रॅम पडते. युरोपच्या मर्यादेइतका रंग घातलेल्या चेरीच्या साडेसात ग्रॅममध्ये, म्हणजे साधारण एकदोन चेरींतच, तेवढा रंग येतो. ही मर्यादा रोजच्या खाण्याची आहे. म्हणून वाढदिवसाला एक चेरी खाल्ली तर काही बिघडत नाही. पण रोज शाळेबाहेर रंगीत गोळा, रंगीत गोळ्या, लाल क्रीमचा बन, आणि घरी आल्यावर डब्यातली "चेरी" खाऊ म्हणून, असे चालले असेल तर ते थांबवा. दमा असलेल्या मुलांच्या आईबापांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. गंधकाचे हे क्षार काही दमेकऱ्यांना बाधतात आणि धाप वाढवतात.

खरा धोका: नाव-गाव नसलेला लाल रंग

माझी चिंता परवानगी असलेल्या रंगापेक्षा वेगळी आहे. आपल्या वस्त्यांच्या तोंडाशी जे विकले जाते त्यावर लेबलच नसते. सुटी चेरी, सुटी टुटीफ्रुटी, गुलाबी साखरेचा कापूस, लाल पाकाचा गोळा. कोणी बनवले, कधी बनवले, रंग कोणता, काहीच माहीत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत तमिळनाडूत गुलाबी कॉटन कँडीत रोडामाइन बी सापडला आणि सरकारने तिच्या विक्रीवर बंदी घातली. हा कापड रंगवण्याचा रंग आहे, खाण्याचा नव्हे. पुढच्याच महिन्यात कर्नाटकानेही अशा रंगांविरुद्ध पाऊल उचलले.

घरी बोटाने चोळून, पाण्यात टाकून हा रंग खाण्याचा की कपड्याचा ते कळत नाही. ते प्रयोगशाळेतच कळते. म्हणून आपल्या हातात जे आहे ते करायचे. सुटा माल घेऊ नका. पाकिटावर १४ आकडी परवाना क्रमांक, बनवल्याची तारीख, घटकांची यादी आणि कृत्रिम रंग असल्यास तसे लिहिलेले आहे का ते पाहा. घरात वाचणारी पोरगी असेल तर तिला वाचायला लावा. शिक्षणाचा उपयोग इथेही व्हावा. बेकरीवाल्याला शांतपणे सांगा, "दादा, डबा दाखवा." तो चिडला तर दुसरीकडे जा. संशय आला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. महाराष्ट्रातला त्यांचा फुकट फोन क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. मोठ्या सोसायटीतला माणूस तक्रार करतो म्हणून तिथला दुकानदार जपून वागतो. आपण गप्प राहतो म्हणून उरलासुरला माल आपल्या गल्लीत येतो. हे बदलायचे तर मंडळाचा केक सांगताना आणि शाळेबाहेरच्या गाड्यांबाबतही आपणच विचारायला लागले पाहिजे.

खरी चेरी घरी आली तर

चेरी आपल्यासाठी नाही, गरिबाने आपली पायरी ओळखावी, असे मी मुळीच म्हणत नाही. चांगले फळ चवीसाठी, आनंदासाठी खाण्याचा हक्क सगळ्यांना आहे. ऐपत असेल, मन झाले, तर जरूर आणा. फक्त नीट आणा आणि नीट खा.

घेताना देठ हिरवा, फळ घट्ट आणि चकचकीत पाहा. संध्याकाळी उतरत्या भावाने मिळणारी डबी उलटी करून तळ बघा. वरचा थर ताजा आणि खाली बुरशी, हा प्रकार फार चालतो. बुरशी लागलेले फळ तेवढा भाग कापून खाऊ नका. मऊ फळात बुरशी दिसते त्याहून आत गेलेली असते. ते फेका, चिकटलेली शेजारची फळेही काढा आणि बाकीची त्याच दिवशी संपवा.

या फळाला साल सोलायची सोय नाही. बागेत फवारलेले औषध, वाटेतली धूळ, दहा जणांचे हात, सगळे सालीवर असते. खायच्या आधीच, पिण्याच्या पाण्याच्या धारेखाली चोळून धुवा. आधी धुऊन ठेवले तर फळ लवकर नासते. साबण किंवा भांड्यांची पावडर लावू नका, ती सालीत मुरते. आपल्याकडे नळाला पाणी पहाटे तासभर येते आणि पावसाळ्यात ते गढूळही असते. अशा वेळी उकळून गार केलेले किंवा क्लोरीनचे थेंब टाकलेले पाणी वापरा. गढूळ पाण्याने धुतलेले फळ न धुतल्यापेक्षा वाईट.

पाच वर्षांखालच्या लेकराच्या हातात अख्खी चेरी कधीही देऊ नका, ताजीही नको आणि केकवरचीही नको. गोल, गुळगुळीत आणि श्वासनळीच्या मापाची वस्तू घशात अडकली की आरडाओरडा करायलाही वेळ मिळत नाही. बी काढा, चार तुकडे करा, बसवून खायला द्या. एखादी बी अख्खी गिळली गेली तर घाबरू नका, ती तशीच बाहेर पडते. पण बिया फोडून आतला गर खाऊ नका, वाटून औषध करू नका. त्यात असा पदार्थ असतो, ज्यापासून पोटात सायनाइड हे विष तयार होते.

मधुमेह असलेल्याने दहाबारा ताजी चेरी खायला हरकत नाही, पाकातली मात्र नको. किडनीचा आजार असेल तर पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांना विचारा.

चेरीचे काही गुण आहेतच. २०१२ साली बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी ६३३ गाऊटच्या रुग्णांची पाहणी केली. आदल्या दोन दिवसांत चेरी खाल्लेल्यांना सांधे ठणकण्याचा झटका येण्याचा धोका ३५ टक्क्यांनी कमी दिसला. पण ही पाहणी होती. तिच्या भरवशावर गाऊटची गोळी बंद करणे धोक्याचे. आणि ज्या अँथोसायनिनचे एवढे कौतुक होते ते आपल्या जांभळातही आहे, पिकल्या करवंदातही आहे, कोकमातही आहे, वांग्याच्या सालीतही आहे. त्यासाठी काश्मीरपर्यंत जायला नको.

मग रक्त कशाने वाढते?

आता मावशींच्या दीडशे रुपयांकडे परत येऊ. तेवढ्यात हिरव्या पालेभाजीची जुडी, चार लिंबे, अर्धा डझन अंडी आणि थोडे सुकट आले असते. घर सगळे जेवले असते.

बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते, कुळथात ८ च्या वर, तिळात १३ ते १५. धान्य-कडधान्यातले लोह अंगी लागायला मदत लागते, ती क जीवनसत्त्वाची. म्हणून डाळ-भाजीवर लिंबू पिळा. आवळ्याच्या दिवसांत आवळा, पेरूच्या दिवसांत पेरू. १०० ग्रॅम चेरीत क जीवनसत्त्व ७ मिलिग्रॅम, तेवढ्याच पेरूत २०० हून जास्त! जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा पिऊ नका. चहा ते लोह अडवून धरतो. तास-दीड तास जाऊ द्या.

मांस-मासळीतले लोह शरीर अधिक सहज घेते. कलेजी, मटण, वजडी, सुकट या आपल्या घरच्या जुन्या वस्तू आहेत. लोक नाके मुरडतात म्हणून त्या खायला लाजू नका. गरोदरपणात कलेजी मात्र रोज नको, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असते. आणि एक कटू गोष्ट सांगते. कलेजी घरात शिजते, पण ती कुणाच्या ताटात जाते? घरातली बाई सगळ्यांना वाढून शेवटी बसते, तेव्हा पातेल्यात रस्सा उरलेला असतो. आपण समतेच्या गोष्टी करतो, ती समता आधी चुलीजवळ दिसली पाहिजे. गरोदर सुनेचे, वयात आलेल्या मुलीचे ताट आधी वाढा. यात एक पैसा जास्त लागत नाही.

पण रक्त आठवर गेले असेल तर नुसत्या खाण्याने ते वेळेत भरत नाही. तिथे गोळीच लागते. गरोदरपणात लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी किमान १८० दिवस घ्यायची असते आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. रक्त कमी असेल तर डॉक्टर मात्रा वाढवतात, फारच कमी असेल तर शिरेतून लोह देतात. मळमळत असेल तर रात्री जेवण झाल्यावर घ्या. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. शौचास काळे होते, त्याला भिऊ नका, ते लोहाचेच आहे. बाळाचा रंग आईबापाकडून येतो, गोळीतून येत नाही. आणि बाळ काळे झाले तर बिघडले काय? रंगावरून माणूस मोजण्याचा रोग आपण घरात कशाला घ्यायचा?

आणखी एक गोष्ट. रक्त कमी असण्याचे कारण दर वेळी लोहच असते असे नाही. पोटात जंत असू शकतात, पाळीत जास्त रक्त जात असेल, सिकलसेलही असू शकतो. विदर्भात सिकलसेल आदिवासींबरोबर आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणात आढळतो. २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीम चालू आहे. म्हणून तपासणीविना स्वतःच्या मनाने वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या खाणेही बरोबर नाही. एकदा नीट तपासून घ्या.

शेवटी

त्या संध्याकाळी मी मावशींची डबी परत केली नाही, की त्यांना रागावलेही नाही. आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. उकळलेल्या पाण्याने चेरी धुतली, बिया काढल्या, सुनेला दिली, धाकट्या नातवाला चार तुकडे करून दिली, मावशींच्याही हातावर ठेवली. "गोड आहे की," त्या म्हणाल्या. मग फळीवरचे गोळ्यांचे पाकीट खाली काढले. त्यावर धूळ बसली होती. दुसऱ्या दिवशी सून दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टरांनी दोन गोळ्या सांगितल्या, त्या जेवल्यानंतर घ्यायचे ठरले. महिन्याने तपासले तेव्हा आकडा नऊच्या वर सरकला होता. अजून अकरा गाठायचे आहे.

कामावरच्या बाई म्हणाल्या म्हणून, मोबाईलवर आले म्हणून, शेजारीण सांगते म्हणून काही मानू नका. विचारा, तपासा, हिशेब करा. चेरी चवीला चांगली आहे, जमेल तेव्हा खा, मिळून खा. पण ती फळ म्हणून खा, औषध म्हणून नको. आज घरी गेल्यावर एवढेच करा. फळीवर पडलेले गोळ्यांचे पाकीट खाली काढा, त्यावरची धूळ पुसा, आणि रात्रीच्या जेवणात घरातल्या बाईचे ताट आधी वाढा.